दादाच्या वाटचं पायडल

दादा रंगारी होता. तीन मजली भिंत असो, परांचीवर सरसर चढायचा आणि खाली भिंतीच्या भेगांत भरायची लांबी कालवत बसलेल्या मला ओरडायचा, "अरे हात हलव, भिंत म्हातारी होईल!" पुढे मूत्रपिंडं निकामी झाली आणि तोच दादा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या खाटेवर पडून राहू लागला. सोबतीला मी. माझी किडनी त्याला जुळली नाही, वहिनीची जुळली.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी खाटेच्या पायथ्याशी पायडलचं यंत्र लावलं. "दर वेळी पहिल्या दोन तासांत अर्धा तास चालवायचं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन सोसायला पायांत बळ हवं, काका."

दादाने आठवडाभर चालवलं. मग तोंड कडू करून म्हणाला, "जीवच नाही रे उरला. आजच्या दिवस राहू दे." बाई बारा खाटा सांभाळायच्या, त्यांना बघायला सवड कुठली? मी दादाचे पाय अलगद बाजूला घेतले आणि हातांनीच पायडल फिरवलं. यंत्रावर तीस मिनिटं भरली. बाई खूश. दादा डोळा मारून म्हणाला, "भाऊ असावा तर असा!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजच्या दिवसाचे आठ महिने झाले. माया होती ती, पण आंधळी. कान धरून त्याला चालवायला लावायला हवं होतं.

ऑपरेशनआधी त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. उठवेना. बाई एकदा तीस-तीस मिनिटांच्या नोंदींचा कागद बघत, एकदा दादाला. त्याने माझं नाव घेतलं नाही, आणि मी खाली वाकून त्याच्या चपला शोधू लागलो. ऑपरेशन सहा महिने पुढे गेलं.

त्या सहा महिन्यांत दादाने खरोखर घाम गाळला. खुर्चीतून ताडकन उठायला लागला. पण फेरतपासणीत वहिनीलाच मधुमेह निघाला. तिची किडनी आता घेता येणार नव्हती, आणि दुसरं देणारं कोणी नव्हतं.

घरी येताना वहिनी जिन्यात थांबली. "भावोजी, तुम्ही यांच्यासाठी काय कमी केलंत? नशीबच खोटं, दुसरं काय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "नशीबच," तो म्हणाला.

आणि मीही मान हलवली.