तिळवणीचा वास

“तिळवणीचा वास साबणाला दाद देत नाही, म्हणून तर ती मला आवडते,” अक्का एकदा म्हणाली होती.

तिळवण म्हणजे पिवळ्या फुलांचं रानटी झुडूप. पानं चिकट, वास नाकात ठाण मांडून बसणारा. अक्का ती खुडून औषधी तेल काढणाऱ्या तेलवाल्याला विकी. बोटांवर हंगामभर चिकाचा काळा थर, म्हणून गल्लीत तिचं नाव चिकटअक्का. “नाकं सांभाळा, आली!” असं कुणी ओरडलं की ती हात पुढे करी. “ये की जवळ, गालाला लावते!”

आई गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनंच वाढवलं. बंद वीटभट्टीमागचा उतार, जिथे तिळवण दाट येई, तो तिनं फक्त धाकटीला दाखवला. अट एकच: मुळासकट उपटायचं नाही. शेंडे खुडायचे, झाड शेंगा तडकेपर्यंत उभं ठेवायचं. बी पडलं नाही, तर उतार कायमचा गेला.

यंदा अक्का पहिल्या खुडणीला उतारावर गेली, तर उतार उघडा. शेंगा धरण्याआधीच सगळं उपटून नेलेलं. नुसते खड्डे. तिनं एका खड्ड्यात बोट घातलं. माती अजून ओली होती.

तिथून ती थेट धाकटीकडे आली. मोरीत हात धुतले. आज हाताला फक्त माती होती.

“उतार कुणीतरी साफ केला गं. पोटावरच पाय आला.”

“अगं बाई! कुण्या मेल्यानं? मी तर यंदा तिकडे फिरकलेही नाही.”

धाकटीचा नवरा खाटेवरून हसला. “हिला त्या वासानं शिंका येतात, अक्का. तुम्ही आलात की आधी खिडकी उघडते.”

“तुम्ही गप्प बसा हो! अक्का, पाणी घे. तोंड बघ कसं उतरलंय.”

अक्कानं पेला घेतला. बोटं कडेला जराशी चिकटली. पेला ओठांशी आला आणि वासही आला, ताजा, तिखट. बालपणी जिचं नाक ती पदरानं पुसायची, तिच्या हाताचा.

धाकटीनं हात पदराखाली घेतले. “पी ना गं.”

अक्कानं भरला पेला खिडकीत ठेवला. चपला पायात सरकवल्या.

“अक्का, अगं, जेवून तरी जा! तेलवालाच मागे लागला होता गं... अक्का!”

दार उघडंच होतं. अक्का बाहेर पडली.