घोडी वळली का?

सास्तूरच्या वाचनालयात नवं पोर सभासद झालं, की जाईबाई त्याच्या हातात पहिलं पुस्तक कोणतं ठेवणार हे सगळ्या गावाला पाठ आहे. ‘निळ्या खुराची घोडी’. रंभा नावाची मुलगी दुष्काळात आपली घोडी व्यापाऱ्यापासून लपवते आणि शेवटी नदीकाठी तिला मोकळी सोडते, एवढीच गोष्ट. जाईबाईंनी ही कादंबरी शाळेत असताना वाचली आणि अजून ती त्यांच्या उशाशी असते. पुस्तकात घोडी मागं वळून बघत नाही. जुन्या सिनेमात वळते, आणि त्याबद्दल जाईबाईंनी त्या दिग्दर्शकाला आजवर माफ केलेलं नाही. राहिली टीव्हीवरची मालिका. तिचा शेवट त्यांना बघताच आला नाही, आणि ज्याच्यामुळं आला नाही तो गुन्हेगार गावातच राहतो.

त्याचं नाव हिंमतराव.

भूकंपाच्या आधी, जुन्या गावात, टीव्ही हिंमतरावांच्या घरी होता. रविवारी सगळी आळी तिथं जमायची. जाईसारख्या बौद्ध वस्तीतल्या पोरांना मात्र उंबऱ्याच्या आत घेत नसत. तरण्याताठ्या हिंमतरावानं जाईशी सौदा केला. “तू हलकी हाईस. माळवदावर चढून अँटेना धर. शेवटच्या भागाला तुला आत पुढं बसवतो.”

जाईचा हात अँटेनावर असला की चित्र स्वच्छ, हात काढला की नुसत्या मुंग्या. उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून तिला आवाज तेवढा ऐकू यायचा. सगळे भाग तिनं उन्हात उभं राहून असे कानानंच पाहिले. शेवटच्या रविवारी ती दाराशी गेली, तर हिंमतराव आडवा.

“अगं, तू आत आलीस तर आमी काय मुंग्या बघायच्या? चढ वर.”

ती चढली. रंभानं हाक मारली, टापा वाजल्या, मग नुसतंच संगीत. घोडी वळली का, हे संगीतावरून कसं कळणार? खाली येऊन विचारलं, तर हिंमतराव म्हणाला, “पुस्तक वाचलंयस न्हवं? मग झालं तर.”

मालिका पुन्हा कधी लागली नाही. पाहणाऱ्यांपैकी कुणी म्हणे वळली, कुणी म्हणे न्हाय. पुढं भूकंपात ते घर गेलं, ते माळवद गेलं. जाईबाईंचा राग तेवढा शाबूत राहिला.

यंदा कादंबरीवर नवा सिनेमा आला. जाईबाईंनी तो वाचनालयापुढच्या मोकळ्या जागेत दाखवायचं ठरवलं. शाळेचा प्रोजेक्टर मिळाला, पडदा मिळेना. निवडणूक तोंडावर होती आणि हिंमतराव उमेदवार. प्रमुख पाहुणे व्हाल का म्हटल्यावर गडी खूश.

“पडदाबी माझाच घ्या. वाढदिवसाचा फ्लेक्स हाय, मागनं पांढराशुभ्र.”

बांबू रोवायला धोंडप्पा आला, तेव्हा जाईबाईंनी त्याला एकच खड्डा घ्यायला सांगितलं.

“आन् दुसरा बांबू?”

“त्याला माणूस हाय माझ्याकडं.”

दिवेलागण झाली, गाव जमलं. वारा सुटला तसा सुटा बांबू डुलायला लागला. जाईबाईंनी माईक घेतला. “दादा, तुमच्याएवढं उंच दुसरं कोण हाय? पोरांसाठी जरा धरता का?”

मतदारांसमोर नाही कोण म्हणणार? हिंमतराव फ्लेक्समागं गेले. सिनेमा सुरू झाला.

थोड्या वेळानं मागून दबका आवाज आला. “ए धोंडप्पा, ये की जरा!”

“हिंमतदादा स्वतः बांबू धरून उभे हायेत,” जाईबाई माईकवर म्हणाल्या. “टाळ्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. धोंडप्पा उठता उठता पुन्हा बसला. मध्येच हिंमतरावांचा हात ढिला पडला, रंभाचं तोंड वाकडं झालं, तशी पोरं ओरडली, “ओ दादा, सरळ धरा की!” बायका पदराआड हसल्या. पडद्याच्या अलीकडं घोडी दौडत होती. पलीकडं हिंमतराव आणि त्यांचाच हात जोडलेला फोटो, नाकासमोर नाक.

शेवटचा प्रसंग जाईबाईंनी अगदी पुढं बसून पाहिला. रंभानं हाक मारली. घोडी नदीत शिरली आणि वळली नाही. पुस्तकासारखीच. जाईबाईंनी मांडीवर थाप मारली.

दिवे लागले. हिंमतराव खांदा चोळत बाहेर आले. “जाईबाई, शेवटी काय झालं? घोडी वळली का?”

“पुस्तक वाचा की, दादा.”

ते हसायला लागले आणि हसता हसता थांबले. “माळवदावरचं अजून धरून बसलीस व्हय?”

“धरायला तुम्हीच लावलं होतं.”

हिंमतराव जवळ सरकले. “बरं, सौदा करू. त्या मालिकेत काय झालं ते मला पक्कं आठवतंय. तू आजचं सांग, म्या तवाचं सांगतो.”

आजचा शेवट हिंमतराव उद्या मोबाईलवर बघू शकत होते. तो जुना शेवट पक्का आठवणारा मात्र हा एकच माणूस होता, आणि आज विचारलं नाही तर तो पुन्हा सांगणार नव्हता.

“तुमच्या सौद्यावर एकदा चढले मी, दादा,” त्या म्हणाल्या. “आता न्हाय.”

मग त्यांनी माईक तोंडाशी नेला. “पोरांनो, उद्या पुन्हा लावायचा का?”

“व्हय!”

“मग हिंमतदादांना विचारा, येतील का बांबू धरायला.”

“या की, दादा! या की!” पोरांनी गलका केला. त्यांच्यामागं त्यांचे आईबाप बघत होते. हिंमतरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि फोटोतल्यासारखेच हात जोडले.

“धोंडप्पा,” जाईबाई म्हणाल्या, “उद्याबी एकच खड्डा.”