दशमीची फवारणी

माझ्या बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. कांदा-लसूण नाही, आंघोळीआधी चहाचा घोट नाही. रोज सकाळी ओट्याखालच्या मुंग्यांना साखर घालायचे आणि एखादी पायाखाली येऊ नये म्हणून मान खाली घालून चालायचे. खोटं तर आमच्या घरात चालायचंच नाही. नकोसा पाहुणा दारात आला आणि आईनं "घरी नाहीत" म्हणून सांगितलं, की बाबा आतून मोठ्यानं खोकत बाहेर यायचे. आई पाहुण्यासमोर लाल व्हायची. नंतर चिडून म्हणायची, "तुमच्या या खरेपनानं मले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली." बाबा हसायचे. "वरच्याले सारं दिसते वं."

असा माणूस कपाशी पिकवतो म्हटल्यावर पंचाईत आलीच. केळापूरच्या अलीकडे आमची चार एकर पराटी, म्हणजे कपाशीच, आणि पराटीवर बोंडअळी. अळी मारावी तर जीवहत्या, न मारावी तर बोंडं आतून पोखरलेली. बाबांनी त्यातून वाट काढली होती. फवारा दुसऱ्याच्या हातानं मारायचा. औषधाची बाटली दुकानातून आणायची सालदारानं, ड्रममध्ये कालवायची सालदारानं, पंप पाठीवर घ्यायचा सालदारानं. त्या दिवशी बाबा वावराकडे फिरकायचे नाहीत. आणि एकादशीला आमच्या वावरात फवारणी बंद, मग अळी पीक खाऊन जावो की काही होवो.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, मग ते पाप सालदाराले लागत नाही का?"

"त्यायच्या लोकात चालते," बाबा म्हणाले.

घ्या! म्हणजे देवाच्या दारातसुद्धा वेगवेगळे नियम.

सालदार कोलाम होता, गावाबाहेरच्या पोडावर, कोलामांच्या वस्तीत राहायचा. वर्षाच्या बोलीनं आमच्याकडे राबायचा, मी शाळेत जायच्या आधीपासून. मी त्याला दादा म्हणायची. मी बी.ए.ला गेले तेव्हा मला चिडवायचा, "बाई, एवढं शिकून सासूसंगं इंग्रजीत भांडसान काय?" मी ढेकूळ उचलून त्याच्या अंगावर फेकायची. सख्ख्या भावाशी कोणी वेगळं वागत नाही.

त्या वर्षांत कपाशीनं सगळ्यांचा जीव काढला होता. त्या साली पराटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा मारला की तो पानांवरून उलटा तोंडावर यायचा. अळी एका औषधानं मरेना म्हणून दुकानदार दोन बाटल्या एकत्र कालवायला सांगायचा. हातमोजे, चष्मा कोणाकडेच नव्हते. तोंडाला दुपट्टा बांधला की झालं.

आश्विनात देवळात सात दिवसांचं पारायण बसलं. बाबा वाचायला बसले आणि त्यांनी सातही दिवसांचं मौन धरलं. घरी यायचे ते फक्त झोपायला. समाप्ती एकादशीला होती. नवमीच्या संध्याकाळी दादानं अळी दाखवली, बोंडाबोंडात. चार एकर म्हणजे दोन दिवसांचं काम. पण मध्येच एकादशी, आणि अळी काही तिथी पाळून थांबणार नव्हती. दादाला आमच्या घरची रीत पाठ होती. दशमीला उजाडताच त्यानं पंप पाठीवर घेतला.

दुपारी मी भाकर घेऊन गेले. ऊन रणरणतं, वारा मेल्यासारखा पडलेला. दादा वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसला होता, डोळे लाल, नाकातोंडातून पाणी गळत होतं. अर्धं वावर बाकी होतं. भाकरीला त्यानं हात लावला नाही.

"बाई, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. छाती भरून आली. मालकाले विचारा नं, बाकीचं परवा मारलं तं चालंल काय?"

मी देवळाकडे जवळजवळ पळतच गेले. बाबा पोथीसमोर बसले होते. मी वाकून कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं, मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्या दिवसाच्या चौकटीवर बोट रोखून दोनदा खाली आपटल्यासारखं हलवलं. आज. आजच.

"बाबा, त्याले दिसून नाही राह्यलं."

त्यांनी डोळे मिटून पोथीला नमस्कार केला आणि पुन्हा ओठ हलवू लागले.

आता इथं मी काय करायला पाहिजे होतं, ते मला आज कळतं, आणि तेव्हाही कळत होतं. वावरात जाऊन म्हणायचं होतं, "दादा, मालक म्हनतेत, परवा मार." एवढंच. एक खोटं वाक्य. पण मी त्या घरची पोर. माझ्या जिभेला तसली सवयच नव्हती. मी जाऊन जसंच्या तसं सांगितलं, "बाबा म्हणतात आजच."

"बरं," दादा म्हणाला, आणि पट्टे खांद्यावर ओढून घेतले.

त्याला कोणी हाणून मारून पराटीत लोटलं नाही. त्याला "बरं" म्हणायची सवय होती आणि आम्हाला ते ऐकायची.

दिवस कलता कलता त्याच्या बायकोला तो ड्रमजवळ पडलेला सापडला. तोंडाला फेस, हातपाय आखडलेले, अंगावर सगळं औषध. तिची आरोळी मला घरात ऐकू आली. गावातल्या एका ऑटोत त्याला घातलं. बाबा देवळातून बाहेर आले, बोलले नाहीत. तीर्थाचा गडवा घेऊन आले आणि दादाच्या तोंडात दोन थेंब सोडले. ते गालावरून खाली ओघळले. ऑटो हलला तेव्हा ते परत आत गेले, कारण अध्याय अर्धा राहिला होता. माझा बाप आहे, तरी सांगते, तेव्हा मला त्यांची पोथी चुलीत घालावीशी वाटली.

पांढरकवड्याहून यवतमाळला नेलं. मी आणि त्याची बायको सोबत. त्या वॉर्डात तशीच माणसं, खाटेवर आणि खाटेखालीही, सगळी फवारणीची. एकादशीचा अख्खा दिवस तो तडफडला. "दिवा लावा, दिवा लावा," म्हणायचा, भर दुपारी. तिनं त्याचा हात सोडला नाही. द्वादशीला सकाळी तो गेला. त्याच वेळी गावात समाप्तीचं जेवण चाललं होतं, हे मला परतल्यावर कळलं.

चार दिवसांनी ठाण्यातले जमादार आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होते.

"तुम्ही त्याले फवारा माराले सांगतलं होतं काय?"

"मी सात दिवस मौनात होतो," बाबा म्हणाले. आवाज शांत, नेहमीसारखा. "माह्या तोंडातून त्याच्यासाठी एक शब्द निघाला नाही. सारं गाव साक्षी आहे."

"वावरात होते तुम्ही?"

"नाही. देवळात."

"म्हणजे त्यानं आपल्या मर्जीनं मारला."

बाबांनी हात जोडले. जमादारांनी लिहून घेतलं. मला कोणी विचारलं नाही. न विचारता बोलायला तोंड होतं मला, पण ते उघडलं नाही. बापाची अब्रू, गाव, माझं लग्न, काय काय त्या दारात आडवं आलं देव जाणे.

जमादार गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, तुम्ही बोट दाखवलं होतं."

"तिथी दाखवली मी," बाबा म्हणाले. "अर्थ तू काढला."

आणि ते मुंग्यांच्या साखरेचा डबा शोधायला उठले. ते खोटं बोलत आहेत असं त्यांना खरोखर वाटत नव्हतं.

महिनाभरानं दादाची बायको आली, हातात ठाण्यातला कागद. पोडावर वाचणारं कोणी नव्हतं. "बाई, तुम्ही शिकल्या. काय लिवलं वाचून सांगा."

मी वाचलं. मयतानं कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीनं, काळजी न घेता, एका दिवसात सर्व शेतात फवारणी केली.

"आपल्या मर्जीनं?" ती म्हणाली. "मले तं सकाळी म्हने, अर्धंच मारतो, बाकीचं मालकाले विचारून परवा. हे कोनं सांगतलं पोलिसायले?"

"बाबांनी."

तिनं कागदाकडे पाहिलं. मग तिनं मान डोलावली.

"मालकानं सांगतलं तं खरंच असंल. मालक खोटं बोलत नाहीत."

आणि मग ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि त्याला शिव्या देऊ लागली, आपल्या मेलेल्या नवऱ्याला. आधी कोलामीत, मग मराठीत, कपाळ बडवून घेत. "लेकरायचं तोंड नाही पाह्यलं रे! कोनं म्हटलं होतं तुले एका दिवसात माराले? सांग नं, कोनं म्हटलं होतं?"

मी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.