अध्यक्षाबाईंचा खिळा

लोडवार गावात परदेशी फोटोवाला उतरला, की पहिली हाक एसेकोनला. गाडी त्याची, दुभाषा तोच, आणि दुष्काळ कुठल्या रस्त्यावर किती वाजता उठून दिसतो हे ज्ञानही त्याचंच. भेगाळलेली जमीन कोरड्या नदीपलीकडे, सकाळी नऊच्या आत. उपाशी म्हातारी थेट त्याच्या घरी.

ती म्हणजे त्याची आई, अकिरू. चाळीस शेळ्यांची मालकीण. पण गळाभर मण्यांच्या माळा घालून ती एकदा दूरवर बघायला लागली, की समोरच्याच्या घशाखाली घास उतरू नये. बारा वर्षं ती देशोदेशींच्या मासिकांत उपाशी राहिली. फोटो पाठवतो असं प्रत्येक जण म्हणाला. पाठवला एकानेही नाही.

यंदा चर्चच्या महिला मंडळातली तिची अध्यक्षपदाची मुदत संपली. हॉलमध्ये माजी अध्यक्षांचे फोटो ओळीने लागतात. अकिरूच्या नावाचा खिळा महिनाभर रिकामा होता आणि आधीची अध्यक्षा नाकालाले दर रविवारी त्यावर खुशाल आपली पर्स अडकवायची. गावातल्या स्टुडिओत काढून आणू, असं एसेकोन म्हणून थकला. तिचं एकच, इतकी वर्षं या लोकांसाठी ताटकळत बसले, एक फोटो त्यांच्याकडून निघालाच पाहिजे.

म्हणून मथियास नावाचा नवा फोटोवाला आला तेव्हा ती मंडळाचा पांढरा ब्लाउज घालून, डोक्याला निळा रुमाल बांधून, सगळे दात दाखवत बसली होती. मथियासचं तोंड पडलं. ही खरी ती नव्हे, म्हणाला. माळा घालायला सांग, काहीतरी दुःखाचं आठवायला सांग.

एसेकोनने भाषांतर केलं, "आई, छान दिसतेस म्हणतोय. पण आधी माळांचा काढू या."

"त्याला सांग, आधी हा. नाहीतर दुपारपर्यंत अशीच हसत बसेन."

ऊन चढत होतं, विमान बाराचं होतं. मथियासने सुस्कारा सोडून एकदा बटण दाबलं. मग अकिरूने माळा घातल्या आणि अशी काही भूक दाखवली, की त्याचेच डोळे भरून आले. तो गेल्यावर ती चुलीवरचं मटण बघायला उठली.

दोन महिन्यांनी चक्क मासिक आलं. पानभर फोटो, निळ्या रुमालातला. माळांचा कुठेच नाही. खाली तीन ओळी.

"काय लिहिलंय रे?"

लिहिलं होतं, 'उपासमारीलाही न हरलेलं हसू. वृद्धेचं नाव कळू शकलं नाही.' एसेकोनचा जन्म दुभाषेपणात गेला होता. तो म्हणाला, "अकिरू, अध्यक्षा."

"एवढं लांब?"

"इंग्रजी आहे ते. वळसे घेत बोलतात."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेहरा कसा करायचा असतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"काप ती खालची ओळींची पट्टी," ती म्हणाली. "मी कोण ते हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे."

त्या रविवारी नाकालालेला प्रार्थना संपेपर्यंत पर्स मांडीवर घेऊन बसावं लागलं.