गुडघाभर रेघ

गल्लीतले लहानथोर त्याला रेघकाका म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडे. नगरपालिकेत तो पेंटर म्हणून लागला तेव्हा बाकडी, दुभाजक, साहेबांच्या घरचं फाटक असं पडेल ते रंगवायचा. पण गेली बावीस वर्षं एक मानाचं काम त्याच्याकडे होतं. पूर ओसरला की गल्लोगल्ली जायचं, पाणी जिथवर चढलं तिथे भिंतीवर निळी रेघ मारायची आणि खाली तारीख घालायची.

या कामात तो भलता काटेकोर. भिंतीवरचा चिखलाचा डाग शोधायचा, मग पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन भिंतींना लावून पातळी जुळवायचा. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं. त्याला वरून फोन येत नाहीत. रेघकाकाला मात्र एकदा आला.

पंपगृहाच्या गल्लीतली रेघ छातीला लागायची. फोन आला त्याच्या आदल्या वर्षी पाणी खरंच तेवढं चढलं होतं. कोपऱ्यावर नवी सोसायटी उभी राहिली आणि तिच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत ती रेघ खुपू लागली. घर बघायला आलेली माणसं आधी रेघ बघत आणि घर न बघताच परत जात. अध्यक्षांनी साहेबांच्या कानावर घातलं, आणि साहेबांनी रेघकाकाला बोलावून घेतलं.

"अहो, एवढी वर कशाला? लोक घाबरतात. गुडघ्यापाशी घ्या."

"पण साहेब, पाणी छातीपर्यंत आलं होतं."

"पाणी गेलं ना? राहिलीय ती रेघ. तिचं बघा."

"लेखी द्याल का, साहेब?"

साहेब असे काही हसले, की आपण भर ऑफिसात शिवी दिली की काय असं रेघकाकाला वाटलं. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. त्याने शेपूट घातलं. जुन्या रेघेवर पांढरा रंग फासला आणि नवी रेघ गुडघ्याला मारली. तारीख तीच ठेवली. रेघ मात्र सुरेख आली होती, अगदी सरळ.

याच गल्लीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत, त्या पुरानंतर राहायला आलेली त्याची थोरली बहीण कपडे शिवून पोट भरायची. भावाचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ. नवी रेघ बघून ती खूश झाली आणि पावसाळ्यापुरतं माळ्यावर चढवलेलं मशीन तिने खाली टेबलावर आणलं.

"बरं झालं बाई, नीट मोजलंस ते. चढउतार करून जीव मेटाकुटीला आला होता."

"ताई, वरच असू दे ना."

"का? रेघेच्या वर आहे की चांगलं वीतभर. तूच काढलीयस ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पण रेघ कुणाच्या सांगण्यावरून उतरली ते ताईला सांगितलं की गल्लीला कळणार, आणि गल्लीला कळलं की साहेबांना. तो चहा पिऊन उठला. स्वतःची लाज वाटली त्याला, पण त्याने तेवढ्यावरच भागवलं.

पुढे शहराला हवामान बदलाची जाग आली. पूर्वी महिनाभर पडायचा तो पाऊस हल्ली एका दुपारीच पडून मोकळा होतो, हे एका समितीने दीड वर्ष अभ्यास करून शोधून काढलं. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. 'पूरसज्ज शहर' योजना आली. जुन्या पुरांची नोंदवही मागवली, तर ती नगरपालिकेच्या तळघरात होती आणि पुरात भिजून तिचा लगदा झाला होता. मग समिती गल्लीत आली, भिंतीवरच्या रेघेचा फोटो काढला, आणि नव्या पंपांचा विजेचा बोर्ड त्या रेघेपासून एक फूट वर बसवायचं ठरलं.

"पुढच्या पन्नास वर्षांचा विचार केलाय," साहेब म्हणाले.

पंपगृहाला रंग द्यायला रेघकाकाच गेला. पन्नास वर्षांचा विचार त्याच्या मांडीला लागत होता. साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत तो दोनदा गेला आणि दोनदा परत आला. रेघ खोटी आहे म्हणावं, तर मारली कोणी? हात त्याचा, ब्रश त्याचा, आणि आदेशाचा कुठे कागद नाही. उद्घाटनाला टाळ्या वाजवायला मात्र तो पुढच्या रांगेत होता.

पूर आला तो भरदुपारी. पंप झोकात सुरू झाले आणि चाळीस मिनिटं चालले. मग पाणी बोर्डाला लागलं, फटकन आवाज झाला आणि पूरसज्ज शहर बंद पडलं. ताई शेजाऱ्यांच्या जिन्यावरून बघत राहिली. मशीन, टेबल, लोकांचे शिवायला आलेले कपडे, सगळं बुडालं. पाणी छातीपर्यंत चढून थांबलं, अगदी जुन्या रेघेच्या जागी.

पंपच नाहीत म्हटल्यावर पाणी ओसरायला तीन दिवस लागले. तेवढ्यात चौकशीही आटोपली. बोर्ड नियमानुसारच बसवला होता, पाण्याने निर्धारित पातळीचं उल्लंघन केलं, असा निष्कर्ष निघाला. पाण्यावर कारवाई करता येत नसल्याने फाइल बंद झाली.

चौथ्या दिवशी रेघकाका डबा, ब्रश आणि नळी घेऊन आला. ताई दारात बसून मशीनमधला चिखल काडीने टोकरत होती. तेवढ्यात अध्यक्ष येऊन उभे राहिले. त्यांची स्वतःची गाडी बुडाली होती, तरी त्यांना काळजी भिंतीचीच.

"काका, बेताने हं. मागच्यासारखीच मारा."

ताईचा हात थांबला. "मागच्यासारखी म्हणजे?"

रेघकाका भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "ताई, ती गुडघ्याची रेघ खोटी होती. मला माहीत होतं. मीच मारली."

ताई उठली, चिखलाच्या हातांनीच नळीचं एक टोक उचललं आणि स्वतःच्या भिंतीवरच्या डागाला लावलं. अध्यक्ष "अहो, अहो" करत राहिले.

"दुसरं टोक धर," ती भावाला म्हणाली. "तुझ्या एकट्याच्या हाताचा आता मला भरवसा नाही."

त्याने दुसरं टोक धरलं.