बॅरोला सलाम

बॅरो म्हणजे मला एकच गोष्ट ठाऊक. एका चाकाची हातगाडी. जन्मभर गवंडीकाम केलं, त्यात गोरा फोरमन ‘बॅरो आण’ म्हणाला की ती ढकलत न्यायची, सिमेंट ओतायचं, खलास. त्यामुळे मुलगा फोनवर म्हणाला की अब्बा, मी राहतो तिथे डॉर्सेटला माळावर खूप बॅरो आहेत, तेव्हा मी विचारलं, उघड्यावर ठेवल्यात? गंजत नाहीत? कोण चोरत नाही?

तो इतका हसला की मोबाईल त्याच्या हातातून पडला. आमच्या घरात हसण्याचा आवाज त्याची आई गेल्यापासून आला नव्हता. मग मलाही हसू आलं, आणि हसल्यावर स्वतःचाच राग आला.

डॉर्सेट हा इंग्लंडचा एक जिल्हा. आपला रत्नागिरी तसा. तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांवर मातीचे गोल ढीग रचले, त्यांना बॅरो म्हणतात. मुलाच्या गावात एका शेतात असा ढीग आहे. शेतकरी नांगर त्याला वळसा घालून नेतो. रस्तासुद्धा तिथे वाकडा होतो. गावातली रिटायर झालेली माणसं सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन येतात, ढीग मोजतात, वरची झुडपं काढतात. मी म्हटलं, त्यांचे कोण लागतात ते? तर म्हणे कोणी नाही.

हे तो मला उगाच सांगत नव्हता. माझा व्हिसा हिवाळ्यात संपतो. शेठ म्हणाला, चाचा, आता वय झालं, पुढे होणार नाही. मुलाचं म्हणणं, थोडे दिवस माझ्याकडे या, मग गावी भावाकडे जा. त्याची आई इथे आखातात, मनामाच्या मातीत आहे. तिच्या कबरीवर नाव नाही, नुसते दोन दगड, डोक्याशी आणि पायाशी. कामावरच्या नईमच्या खोलीत मी राहतो, शुक्रवारी तिथून निघून जातो, सलाम करतो, दुवा मागतो. मी गेलो की तिला सलाम कोण करणार? एवढाच माझा प्रश्न होता. तो मुलाला सांगायला जीभ वळत नव्हती.

सलामाचं वेड तिचंच. कबरस्तानावरून जाताना आतल्यांना सलाम करायचा, ही आमची रीत. पण ही बाई कुठेही करायची. हमद टाऊनला तिची बहीण राहायची, तिकडे जाताना बस ‘आली’ नावाच्या गावावरून जाते. तिथेही असेच ढीग आहेत, जुन्या लोकांचे, घरांच्या मागे, कुंभारांच्या भट्ट्यांजवळ, जिकडे बघाल तिकडे. बस तिथे आली की ही पदर सारखा करायची आणि पुटपुटायची, ‘अस्सलामु अलैकुम, कबरीतल्यांनो.’ बसमधले मल्याळी बघत राहायचे. मला लाज वाटायची. एकदा मी म्हटलं, अगं, हे मुसलमान नव्हते. पैगंबरांच्याही कितीतरी आधीचे लोक हे. सलाम कळणार तरी आहे का त्यांना?

ती म्हणाली, “नाय कळला तर नाय. सलामाला काय तिकीट पडतं?”

त्यातला एक ढीग उघडलेला मी जवळून पाहिलाय. आत दगडी कोठडी, वर मोठाल्या शिळा, बाहेरून गोल भिंत. गवंड्याच्या नजरेने सांगतो, काम चोख. मी तिला कौतुकाने सांगायला गेलो, तर म्हणाली, माणसाला झाकलं होतं, उघडून काय मिळवलं?

मागच्या आठवड्यात मुलगा म्हणाला, कामावर जाताना रोज तो बॅरो लागतो, आणि त्याच्या तोंडून सलाम निघतो. अम्मीची सवय. मी म्हटलं, अरे, ते जुने इंग्रज, त्यांना काय कळणार? तो तिच्याच सुरात म्हणाला, “अब्बा, सलामाला काय तिकीट पडतं?”

मी फोन ठेवला.

काल शुक्रवार. दुवा झाली, कबरस्तानाबाहेर भिंतीला टेकून चपला झटकत होतो. समोरून एक बाई आली, अंगावर काळा अबाया, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. फाटकापाशी तिची चाल हळू झाली, ओठ हलले, आणि ती गेली पुढे. तिचं आत कोणी असेल असं वाटलं नाही, तिने मान वळवूनही पाहिलं नाही. सलाम सगळ्यांना मिळून होता. त्यात आमची हीसुद्धा आली. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जातोय, असं करणारी माणसं पाहिलीही असतील. लक्ष कुठे होतं?

खोलीवर येऊन मुलाला फोन लावला. म्हटलं, तिकीट काढ. राहायला येत नाही, बघायला येतोय, नंतर माझं गाव आहे. आणि जाड स्वेटर घेऊन ठेव, तुझा नको, तुझा मला आखूड होतो.

मग विचारलं, तुझ्या त्या बॅरोत आत दगड कसे बसवलेत, ते दिसतं का?

“नाही अब्बा. तो कोणी उघडला नाही. वर गवत आहे.”

म्हटलं, बरंय. असू दे झाकलेला.