हाजराची दाढ

१९९०च्या ऑक्टोबरात रियाधमधली आमची इमारत अर्धी रिकामी झाली होती. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरून दोन महिने होऊन गेले होते आणि आमच्या अल मलाझ भागातली बरीच भारतीय कुटुंबे बायकामुलांना मायदेशी पाठवत होती. तळमजल्यावरची हाजरा मात्र फावडे घेऊन मागच्या अंगणात उतरली.

हाजरा रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. तिचा नवरा मुनाफ एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. लग्नानंतर अकरा वर्षे तो इथे कामगारांच्या कॅम्पात राहिला आणि ती तिकडे सासरी. दोन वर्षांतून एकदा तो महिनाभर घरी जाई. आदल्या वर्षी फॅमिली व्हिसा मिळाला, तेव्हा कुठे दोघांचा संसार सुरू झाला. आता तो तिला शनिवारच्या विमानाने परत पाठवायला निघाला होता. एकदा गेलेल्या बायकोचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा होईल याची खात्री त्या दिवसांत कोणीच देत नव्हते.

"काकी, मला दाढ भाजायचीय," ती एका दुपारी मला म्हणाली.

"दुखते का? मग डॉक्टरकडे जा. भाजतेस काय?"

ती फावड्यावर रेलून हसत सुटली. "तोंडातली नव्हे हो! रोपांची दाढ. तुमच्या त्या कॉन्व्हेंट शाळेत काय नुसत्या प्रार्थनाच शिकलात?"

मग तिनेच समजावले. कोकणात भाताची रोपे करायच्या जागेवर शेण, फांद्या, पाचोळा पसरून पेटवतात. तण मरते, किडे मरतात, राख मातीला मिळते. त्या भाजलेल्या तुकड्याला दाढ म्हणायचे. तिकडे हे काम पावसाआधीचे. इथे पाऊस नाही, म्हणून तिने उन्हाळा उतरायची वाट पाहिली होती. विटांचे तुकडे वेचून, वाळूत माती कालवून वाफे तयार होते. भिंतीकडेच्या चौकोनावर मेंढ्यांच्या लेंड्या आणि खजुराच्या वाळक्या झावळ्या रचलेल्या होत्या. त्यात मिरची, वांगी आणि झेंडू पेरायचा तिचा बेत होता.

"शनिवारी जायचंय आणि वाफे कसले करतेस?"

"म्हणूनच करतेय. बियाणं टाकून बसलेल्या बाईला कोण उठवतो?"

तिने काडी ओढली. सुरुवातीला झावळ्या छान तडतडल्या. मग लेंड्यांनी पेट घेतला, वारा फिरला आणि पिवळट धुराचा लोट सरळ इमारतीच्या खिडक्यांत शिरला. त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी इराकच्या विषारी वायूचीच भाषा होती. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडले, "गाझ! गाझ!" आणि क्षणात दारे आपटू लागली. इजिप्तचे मिसरी कुटुंब तोंडाला ओले टॉवेल लावून जिन्यावरून धावत खाली आले. हाजरा सगळ्यांना ओरडून सांगत होती, "अरे, दाढ आहे, दाढ!" पण ते कोणाला कळणार?

शेजारच्या घरातून घरमालक धावत आला. तेवढ्यात मुनाफही कामावरून परतला, आणि सारा राग त्याच्यावर निघाला. युद्ध दारात आले आहे आणि तुझी बायको आगी लावते, तिला घरी पाठव, खलास!

"पाठवतोच आहे," मुनाफ अरबीत म्हणाला. "शनिवारी."

घरमालकाच्या मागून त्याची आई काठी टेकत आली होती. तिला सगळे हज्जा म्हणत. ती जिझानकडच्या शेतकरी घरातली. तिने राखेजवळ वाकून वास घेतला आणि मुनाफला काही विचारले.

"हज्जा विचारतायत, रोपं केव्हा होतील," मुनाफ म्हणाला.

"महिन्याभरात. मग वाफ्यात लावायची. थंडी सरली की मिरच्या तोडायला या म्हणावं."

त्याने ते सांगितले. म्हातारीने पुढचा प्रश्न विचारला, त्यात 'मीन' हा शब्द दोनदा आला.

"काय म्हणाल्या?" हाजराने विचारले.

"काही नाही. छान आहे म्हणाल्या."

"मीन म्हणजे कोण, एवढं मला बाजारात जाऊन कळतं! रोपं लावणार कोण, असंच विचारलं ना? मग सांगा की, नवरा हाकलतोय म्हणून!"

"हाजरा, लोकं बघतायत..."

"बघू देत!" तिने फावडे टाकले आणि म्हातारीसमोर उभी राहून स्वतःच्या बाजारी अरबीत ठणकावले, "अना मा फी रूह!" मी जाणार नाही.

म्हातारीला हसू आवरेना. ती आधी मुलाला काहीतरी बोलली, तसा तो घसा खाकरत बाजूला झाला. मग ती मुनाफकडे वळली. या खेपेला हाजराने विचारायच्या आधीच त्याने भाषांतर केले. "म्हणतायत, त्यांच्याकडेही शेतात धसकटं जाळायचे. पुढच्या वेळी जाळायच्या आधी वरच्या मजल्यावरच्यांना सांग. आणि मला म्हणतायत, बायकोला विचारल्याशिवाय तिकीट काढू नकोस."

तरी मुनाफ ऐकेना. संध्याकाळी तिला घेऊन आमच्याकडे आला आणि माझ्या यजमानांना म्हणाला, "काका, तुम्हीच समजवा हिला. उद्या इथं बॉम्ब पडले तर?"

यजमान काही बोलायच्या आत हाजराच बोलली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "अकरा वर्षं मी तिकडं एकटी होते. भीती वाटते का, असं कधी विचारलं नाहीत. आता विचारताय, तर वाटते. पण ती मला इथं वाटू दे."

मुनाफने चहा संपवला. तिकिटाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून एक पाइप आणून त्याने आमच्या आणि त्याच्या एसीचे ठिबकणारे पाणी वाफ्यांकडे वळवून दिले.

जानेवारीत युद्ध सुरू झाले. सायरन वाजू लागले, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या आल्या. इमारतीत फोन आमच्याकडेच होता. एका सकाळी मुनाफच्या थोरल्या भावाचा रत्नागिरीहून फोन आला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अरे, बायकोला अजून का नाही पाठवलीस?"

मुनाफने खिडकीतून खाली पाहिले. हाजरा वाफ्यात वाकून काहीतरी खुरपत होती.

"भाऊ, मिरची फुलावर आलीय," तो म्हणाला. "तिला वेळ नाही."